लय वाजवताय तुमी

देवाशी खोटं बोलू नये हे मला माहेरी शिकवलं होतं, पण देवाशी बोलताना घाई करू नये हे कुणीच शिकवलं नाही. त्यातूनच ही सगळी हकीगत घडली. गेल्या पावसाळ्याच्या शेवटाला आमच्या ह्यांच्या छातीत कळ आली. गोठ्यात वैरण टाकता टाकता छातीवर हात ठेवून खाली बसले आणि मला म्हणाले, काय न्हाई, वाईच दम लागलाय. अख्खी उमर फौजेत घालवलेला माणूस, त्याला गोळी लागली तरी वाईच खरचटलंय असंच म्हणणार. कपाळावरचा घाम बघून मी शेजारच्यांची गाडी काढायला लावली आणि ह्यांना सांगलीच्या दवाखान्यात नेलं. ह्यांना आत घेतलं आणि मला बाहेर बाकड्यावर बसवलं.

त्या बाकड्यावर बसून मी आमच्या गावच्या भैरवनाथाशी बोलायला लागले. आधी एक नारळ कबूल केला. मग माझं मलाच बरं वाटेना, माणसाच्या जिवाला एकच नारळ म्हणजे काय, म्हणून पाच केले. मग नाथाला फेटा, जोगेश्वरीला साडी-खण, मग माझे उपवास. आतून कुणी बाहेर येईना आणि मी आपली वाढवत चालले. शेवटी वाटलं, नाथाला या कशाची पडलीय? फेटे त्याच्याकडे पेटीभर पडलेत. त्याला द्यायचंच तर मला जे जड जाईल ते द्यावं. आता मला जड काय जातं, तर ताल. मी आमच्या बायकांच्या भजनी मंडळात कितीतरी वर्षं मागच्या ओळीत टाळ घेऊन बसत आलेय, आणि इतक्या वर्षांत माझा टाळ सगळ्यांच्या बरोबरीनं पडला असा दिवस क्वचितच गेला असेल. थोरल्या जाऊबाई पुढं बसून चाल सांगतात, त्या अधूनमधून मान वळवून बघायच्या आणि मी दुसऱ्याच बाईकडं बघायची. तर मी डोळे मिटले आणि बोलून गेले, नाथा, ह्यांना घरी आण, येत्या सप्त्यात तुझ्या दारात मी पखवाज वाजवीन, गजर संपेस्तोवर, एकही हात न चुकता. एवढं म्हणायला आणि दार उघडायला एकच गाठ पडली. डॉक्टर म्हणाले, धोका टळलाय. मी तिथंच ढसाढसा रडले. रडता रडताच एकीकडं मनात आलं, बाई गं, पाच नारळांवरच थोडा वेळ थांबली असतीस तर.

सप्ता म्हणजे चैत्रात नाथाच्या देवळात सात दिवस पारायण आणि भजन असतं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी आमच्या मंडळाची पाळी असते. मंडळात पखवाज शालनवैनी वाजवतात. त्या सांगलीला क्लास लावून रीतसर शिकलेल्या, त्यामुळं बोलतातही पुस्तकातल्यासारख्या. मी त्यांच्याकडं जाऊन नवस सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, ताई, देवानं ऐकलं म्हणता, पण पूर्ण ऐकलं का? तरी माऊली बिचारी शिकवायला तयार झाली, आणि आपला जुना पखवाजही मला घरी दिला.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. पखवाज मांडीपुढं आडवा ठेवला, त्यांनी कणीक भिजवून डाव्या पुडीला, म्हणजे तिकडच्या कातड्याला, मधोमध थापली. ओली कणीक लावल्याशिवाय डावी बाजू घुमत नाही, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मला वाटलं नैवेद्याची तयारी चाललीय. मग त्या म्हणाल्या, "आता लय धरा." आमच्याकडं लय म्हणजे पुष्कळ. लय ऊन, लय काम, लय शहाणी. मी आपला पखवाज दोन्ही हातांनी लय धरला, अगदी पोटाशी आवळून. त्या हसून हसून भिंतीला टेकल्या. मग त्यांनी समजावलं की गाण्यातली लय वेगळी. दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं राहणं म्हणजे लय. ती सुटली की हात कितीही गोड असला तरी फुकट. मी तो शब्द असा काही मनावर घेतला की त्यानंतर मला दुसरा अर्थच आठवेना. कुणी लय गर्मी होतीय म्हटलं तरी मी कान टवकारायची.

शिकवणी सोपी होती, असं दिसायला. तिट कत गदि गन, एवढेच बोल. आधी नुसता उजवा हात, मग नुसता डावा, मग दोन्ही, घड्याळाच्या काट्याबरोबर. हळू वाजवून सारखं येईल तेव्हाच थोडं जलद करायचं, आणि जलद करताना विस्कटलं की लाज न बाळगता परत हळूवर यायचं. डोळे मिटून ऐकलं तर कुठला हात कच्चा ते कळता कामा नये, असं शालनवैनींचं म्हणणं. माझं तर शेजारणीलासुद्धा भिंतीपलीकडून कळायचं. उजवा हात घोड्यासारखा उधळायचा आणि डावा रेड्यासारखा फतकल मारून बसायचा. हळू वाजवताना दोघं कसेबसे नांदायचे. दुपटीवर गेलं की भांडण.

माझ्या अंगात दम नाही हे मी कबूल करते. मला आज सांगितलेलं काल आलेलं पाहिजे असतं. म्हणून मी दिवसभर हात चालवायला लागले. डाव्या हाताला वळण लागावं म्हणून भाकरी डाव्या हातानं थापायला घेतली. ती एका अंगाला पापडासारखी आणि दुसऱ्या अंगाला उंबऱ्यासारखी व्हायची. ह्यांनी एक दिवस भाकरी ताटात फिरवून फिरवून बघितली आणि हा कुठल्या जिल्ह्याचा नकाशा म्हणून विचारलं. खरा गुरू मात्र गोठ्यात निघाला. धार काढताना दोन्ही हात आलटून पालटून, सारख्या जोरानं चालावे लागतात, हे माझ्या ध्यानात आलं आणि मी म्हशीखाली बसून तिट कत म्हणायला लागले. एकपटीत म्हस डोळे मिटून रवंथ करायची. मला वाटलं जमलं, म्हणून मी दुपटीवर गेले. तिनं बादलीसकट मला उताणं केलं. हात सारखा पडला नाही तर शालनवैनी नुसतं हूं म्हणतात. म्हशीला एवढी भीड नव्हती.

हे सगळं हसण्यावारी नेते खरी, पण आतून माझा जीव टांगणीला लागलेला होता. नवस बोलून फेडला नाही तर देव दिलेलं परत नेतो, असं आमच्याकडं बोलतात. खरं-खोटं नाथाला माहीत, पण ज्या बाईनं ते बाकडं बघितलंय तिला हे नुसतं बोलणं वाटत नाही. हे जरा खोकले की मी हातातलं टाकून पखवाजाकडं धावायची. एकदा फुटाणे खाताना ह्यांना ठसका लागला. मी पाणी द्यायचं सोडून आत जाऊन तिट कत गदि गन सुरू केलं. हे बिचारे डोळ्यांत पाणी आणून स्वतःच माठापर्यंत गेले. त्यानंतर मात्र हे तोंड दाबून, लांब परसात जाऊन खोकायला लागले, आणि ते बघून तर मला जास्तच रडू यायचं. हसत मी नव्हतेच तेव्हा. दवाखान्यातून घरी आल्यापासून मी काम करत होते, बोलत होते, भांडतही होते, पण हसले नव्हते. हे माझं मला कळलं नव्हतं.

संक्रांतीच्या पुढंमागं पखवाजाची उजवी पुडी फाटली. बडवून बडवून फाटली, दुसरं काय. ह्यांनी गाडीवर पखवाज माझ्या मांडीवर बांधला आणि आम्ही मिरजेला गेलो. तिथं एका गल्लीत एक चाचा वाद्यं दुरुस्त करतात. बाप-आज्यापासूनचं काम, बोटं पुडीवरच्या शाईनं काळी झालेली. त्यांनी पुडीवरून हात फिरवला आणि हा पखवाज वाजवला की कुणाच्या पाठीत घातला, असं अगदी अदबीनं विचारलं. नवी पुडी चढवून, वाद्या ताणून झाल्यावर म्हणाले, वाजवून बघा. दुकानात कोपऱ्यात एक म्हातारबाबा आपली ढोलकी घेऊन बसले होते. लाल फेटा, पांढऱ्या मिशा, वडूजकडचे, एसटी उशिरा आली म्हणून मघापासून कुरकुरत होते. हे दुकानाच्या पायरीवर उभे होते. परक्या पुरुषांसमोर वाजवायची ती माझी पहिली वेळ. मी घाबरून जे सुरू झाले ते येत होतं नव्हतं सगळं वाजवून मोकळी झाले. थांबले तेव्हा बाबा माझ्याकडं बघून मान हलवत होते. सावकाश म्हणाले,

"बाई, लय वाजवताय तुमी."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. शालनवैनी इतके महिने ज्या लयीसाठी जीव टाकत होत्या, ती माझ्या हातात आहे असं एक जाणता माणूस, ना ओळखीचा ना पाळखीचा, आपणहून सांगत होता. मला तो नाथाचा कौलच वाटला. मी बाबांच्या पाया पडले. ते जरा दचकले, पण त्यांनी डोक्यावर हात ठेवला. चाचा वाद्या आवरता आवरता काहीतरी बोलणार होते, ते बोलले नाहीत. मी पखवाज छातीशी धरून पायऱ्या उतरले आणि ह्यांना म्हटलं, ऐकलंत का, काय म्हणाले ते? हे म्हणाले, ऐकलं की.

त्या दिवसापासून माझ्या हातांना पंख फुटले. गावात मी कुणाला सांगायचं ठेवलं नाही. शालनवैनींना सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, नक्की असंच म्हणाले का. मी म्हटलं, अक्षर न अक्षर. मग मी दुपटीची चौपट केली, जिथं एक ठोका पुरेल तिथं चार घातले. विस्कटलं तरी आता वाईट वाटायचं नाही. लय तर माझ्याजवळ आहेच, हात आज ना उद्या येतील, अशा ऐटीत मी रोज बसायची. तीन महिन्यांत एक दिवस चुकला नाही. त्यानं वेग आला, डावा हातही बराच सुटला, हे खरं. पण जाऊबाई मात्र म्हणायच्या, धाकटे, तुझा पखवाज ऐकला की मला एसटी सुटल्यासारखं वाटतं. मी ते जळफळाटावर नेलं.

सप्त्याचा शेवटचा दिवस आला. देऊळ भरलेलं, बाप्ये एका अंगाला, बायका एका अंगाला, हे डावीकडच्या खांबाशी ताठ बसलेले. शालनवैनी माझ्या मागं. मी कणीक स्वतः भिजवली आणि नाथाच्या दारात आवाज कसा घुमला पाहिजे म्हणून नेहमीपेक्षा बरीच जास्त थापली. सुरुवात चांगली झाली. पण शेवटचा गजर आला, जाऊबाईंनी चाल वाढवली, मी त्यांच्यापुढं गेले, त्या माझ्यापुढं गेल्या, टाळ आमच्या दोघींच्या मागं ठेचकाळत पळायला लागले. मी दात-ओठ आवळून चौपटीवर चढले, आणि डाव्या पुडीवरचा कणकेचा गोळा सुटला. तो उडाला तो थेट जाऊबाईंच्या नव्या इरकलीवर, मांडीवर, पच्च करून बसला.

जाऊबाईंचा सूर तुटला. गाणं क्षणभर लुळं पडलं. इकडं माझा डावा हात पुडीवर पडला तर घुमण्याऐवजी नुसतं टण वाजलं, डबा वाजावा तसं. मी भिऊन हात उचलला तो खाली येईना. मला दुसरं काही दिसलं नाही, खांबाशी बसलेले हे दिसले. मनात एकच आलं, चुकला, हात चुकला, आता ह्यांना काही झालं तर ते माझ्यामुळं. उजवा हात तेवढा चालू होता, तोही घाबरून एका मात्रेला एकच ठोका देत होता, कारण दुसरं काही त्याला सुचतच नव्हतं. मी नाथाकडं बघितलं आणि म्हटलं, माझ्याच्यानं होत नाही रे. तूच बघ आता.

पुढं काय झालं ते मी जसं झालं तसं सांगते. जाऊबाईंनी कणीक उचलून बाजूला ठेवली आणि सूर परत धरला, पण आता बेतानं. टाळ त्यांच्याबरोबर पडायला लागले, सगळे एकदम, एकही पुढं नाही की मागं नाही. माझा उजवा हात मी चालवत नव्हते, तो त्या टाळांत मिसळून आपोआप पडत होता. दोन ठोक्यांमध्ये केवढी तरी जागा होती. इतके महिने मी ती भरून टाकत आले होते. काही आवर्तनं अशी गेली आणि माझा डावा हात, मी न बोलावता, हलकेच खाली आला. कणकेविना आवाज बारीक होता, पण बरोबर जागेवर होता. मग चाल परत वाढली, सावकाश, आणि दोन्ही हात तिच्या मागं निघाले. मागून शालनवैनी हूं म्हणाल्या नाहीत. गजर संपला तेव्हा सगळ्या देवळानं नाथाच्या नावानं चांगभलं केलं आणि मला उठताच येईना, पायाला मुंग्या आल्या होत्या.

लोक पांगल्यावर मी देवळामागच्या ओट्यावर जाऊन रडत बसले. हे शोधत आले, शेजारी बसले. मी सांगितलं, नवस फिटला नाही, मधे माझा डावा हात थांबला. हे म्हणाले, "न वाजवल्याला हात चुकतू कसा? चुकायला आधी वाजवाय लागतंय." मला ते पटावं असं फार वाटत होतं, म्हणून बहुतेक पटलं. मग हे जरा खाकरून म्हणाले, एक सांगायचं हाय, पर चिडायचं न्हाई. हे असं म्हणाले की मी आधीच चिडते. तर म्हणाले, त्या मिरजेतल्या म्हाताऱ्यानं तुला तवाच सांगितलं हुतं. लय वाजवताय, म्हंजे जास्ती वाजवताय. वाईच कमी करा, असं.

माझ्या डोळ्यांपुढं दुकान उभं राहिलं. मान हलवणारे बाबा, पाया पडल्यावर त्यांचं दचकणं, बोलता बोलता गप्प झालेले चाचा. जन्म गेला माझा लय म्हणजे पुष्कळ म्हणण्यात, आणि नेमकं तिथंच मला शहाणपण सुचलं होतं. सगळ्या गावाला सांगत फिरले मी. अंगाचा तिळपापड झाला.

"तीन म्हैनं गप बसलात? मला सांगितलं का न्हाई?"

हे वहाणेच्या अंगठ्याशी चाळा करत म्हणाले, "तू दुकानातनं हसत भाईर आलीस. दवाखान्यापासनं पयल्यांदा हसलीस. मी कशाला मोडू?"

मी ह्यांच्यासाठी पखवाज बडवत होते, आणि हे माझ्यासाठी तो बडवलेला ऐकत होते, सकाळ-संध्याकाळ, दुखऱ्या छातीनं, एका शब्दानं न बोलता.

ते बाबा कोण होते, असं मला मंडळातल्या बायका अजून विचारतात. नाथच आला होता असं मी म्हणत नाही. वडूजकडचा एक माणूस होता, त्याला एसटीचा राग आला होता आणि माझा गोंगाट सहन झाला नाही, एवढंच मला माहीत आहे. पण त्या दिवशी त्यांचं बोलणं मला बरोबर समजलं असतं तर मी तिथंच पखवाज ठेवून दिला असता आणि नवसाच्या भीतीनं अर्धी झाले असते. चुकीचं समजलं म्हणून हात तीन महिने चालते राहिले, आणि खरं समजायची वेळ आली तेव्हा ते देवळातच समजलं, कुणी न सांगता. हे कुणी जुळवून आणलं ते मी विचारत नाही. आपण देवापुढं हात चालवायचे, आणि कुठं थांबवायचे ते त्याच्यावर सोडायचं, एवढं मी शिकले. तेही कणीक उडाल्यावर. जाऊबाईंची इरकल मी स्वतः धुवून दिली, डाग गेला.

दुसऱ्या दिवशी काल्याला हे आणि मी दोघं देवळात गेलो. नाथापुढं उभी राहिले तर काय मागायचं ते सुचेना. ह्यांना इतकी वर्षं दे, तितकी वर्षं दे, असं पुष्कळ म्हणून झालं होतं, त्याच्या बदल्यात काय काय देईन तेही म्हणून झालं होतं. शेजारी हे हात जोडून उभे होते, डोळे मिटलेले, कपाळाला गुलाल. मी म्हटलं, जेवढं देशील तेवढं. म्हणायला जड गेलं, पण खरंच म्हटलं. मग हे म्हणाले, चल, ऊन व्हाय लागलंय, आणि आम्ही काल्याचा प्रसाद घेऊन घरी आलो.